स्फटिकांची साक्ष

मृगाच्या पेरण्या आटोपून कपाशी गुडघ्याएवढी झाली, की परभणी, मानवत, पाथरी, सेलू या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात घरोघर युरियाची गोणी फुटते. आणि ओल पाहून, झाडाच्या बुडाशी टाकून मातीआड केलेल्या त्या पांढऱ्या दाण्याचे पुढे काय होते, याची चौकशी करण्याचे कारण शेतकऱ्याला सहसा पडत नाही. वस्तुतः मातीतील सूक्ष्म जीवांपासून आलेला युरिएज नावाचा एक विकर, म्हणजेच एन्झाइम, त्या दाण्याचे विघटन करून अमोनिया मोकळा करतो, आणि पिकाला लागणारे नत्र बहुतांशी त्यातूनच सिद्ध होते. दाणा उघड्यावर राहिला, तर हाच विकर तितक्याच इमानाने अमोनिया हवेत उडवून देतो व गोणीच्या किमतीतला काही हिस्सा वाऱ्यावर जातो.

या युरिएजने विज्ञानाच्या दरबारात एका जुन्या तंट्याचा निकाल लावून दिलेला आहे. विकर हे कोणत्या द्रव्याचे घडलेले असतात, यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात विद्वानांमध्ये कडाक्याचा वाद होता, आणि रिखार्ड विलश्टेटर यांच्यासारखे नोबेलचे मानकरी असलेले जर्मन पंडित विकर म्हणजे प्रथिन नव्हेच, असे निक्षून सांगत होते. कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर या अध्यापकाने, ज्याचा डावा हात शिकारीच्या अपघातात कोवळ्या वयातच गेला होता, नऊ वर्षे एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या दाण्यांचे पीठ कालवण्यात व गाळण्यात घालविली, आणि १९२६ साली युरिएजचे स्वच्छ स्फटिक जगापुढे ठेवले. ते प्रथिनच होते. युरोपातील अव्वल पंडितांनी ही साक्ष प्रथम धुडकावली. समनर यांना नोबेल मिळाले ते १९४६ साली, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी.

प्रथिनाचा स्फटिक बनतो, याचा अर्थ त्याचे कोट्यवधी रेणू एकाच ठेवणीचे असून ते ओळीने, शिस्तीने रचून बसू शकतात. आणि जे ओळीने बसते त्यावर क्ष-किरण सोडले असता ते ठरावीक दिशांनीच विखुरतात व समोरच्या पट्टीवर ठिपक्यांची एक नेमकी नक्षी उमटते. त्या नक्षीवरून उलट गणित करीत रेणूतील अणूंच्या जागा ठरवावयाच्या, हे या शास्त्राचे सार. सांगावयास ते दोन वाक्यांत आटोपते. करावयास मात्र जन्म पुरत नाही, असे म्हणण्याची पाळी अनेकांवर आली, कारण ठिपक्यांवरून लहरींची तीव्रता कळते पण त्यांची कला, म्हणजेच फेज, हरवलेली असते, व ती परत मिळविण्यासाठी नाना युक्त्या लढवाव्या लागतात. १९३४ साली जे. डी. बर्नाल व डोरोथी क्रोफुट, म्हणजे पुढच्या डोरोथी हॉजकिन, यांनी पेप्सिन या पाचक विकराच्या ओल्या स्फटिकातून पहिली चांगली नक्षी मिळविली. परंतु एखाद्या प्रथिनाची पहिली ओबडधोबड आकृती जॉन केंड्र्यू यांच्या हाती लागावयास १९५८ साल उजाडले. केंड्र्यू व माक्स पेरुत्झ यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे प्रथिन-स्फटिकशास्त्रज्ञ झालेले शेखर चिंतामणी मांडे यांचा जन्म त्याच वर्षी नागपुरात झाला. हा निव्वळ योगायोग आहे व त्याला फलज्योतिषाचा रंग देण्याचे कारण नाही. पण ज्या शास्त्रात त्यांना पुढे आयुष्य घालवायचे होते, ते शास्त्र आणि ते स्वतः जवळजवळ एकाच वयाचे होते, एवढे खरे.

मांडे यांचे शिक्षण नागपुरात झाले आणि तेथील विद्यापीठाची एम.एस्सी.ची पदवी त्यांनी घेतली ती पदार्थविज्ञानात. जीवशास्त्राच्या या शाखेत येणारी माणसे पुष्कळदा अशीच दुसऱ्या दाराने आत आलेली असतात. बेडूक चिरण्यापेक्षा समीकरण सोडविण्यात ज्यांना अधिक गोडी, त्यांनाच प्रथिनांची भूमिती खुणावते, असा माझा समज आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेण्वीय जीवभौतिकी विभाग हा तर पदार्थविज्ञानवाल्यांनीच उभारलेला. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना सुचविणारे, आणि प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांतून वळू शकते व कोणत्या कोनांतून मुळीच वळू शकत नाही याचा नकाशा १९६३ साली आपल्या सहकाऱ्यांसह देणारे जी. एन. रामचंद्रन हे त्याचे संस्थापक. हॉजकिन यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनच्या रचनेवर काम करून परतलेले एम. विजयन यांनी तेथे प्रथिन-स्फटिकशास्त्राची परंपरा रुजविली. नागपूरहून निघालेला हा तरुण त्या वातावरणात वाढला व १९९१ साली पीएच.डी. झाला.

विजयन यांच्या चमूने त्या काळात जे काम चालविले होते, त्याचा विषय मराठवाड्यातील वाचकाला आपल्या स्वयंपाकघरातला वाटेल: शेंगदाणा. भुईमुगाच्या दाण्यात लेक्टिन नावाचे एक प्रथिन असते, जे विशिष्ट शर्करांना नेमके ओळखून त्यांना चिकटते. काही कर्करोगांच्या पेशींवर उघडी पडणारी एक शर्करासाखळी ते अचूक हुडकते, म्हणून प्रयोगशाळांत त्याला मोठी मागणी आहे. या लेक्टिनचे चार सारखे घटक एकत्र येऊन एक रेणू होतो. असे चार सारखे घटक एकत्र आले की ते विशिष्ट सममितीनेच बसतात, सगळ्या बाजू बंद करून बसतात, ही त्या काळी जवळजवळ सिद्धान्ताच्या पदवीला पोचलेली समजूत होती. स्फटिकाने निराळीच जबानी दिली: शेंगदाण्याच्या लेक्टिनमधील चार घटकांनी रूढ सममिती झुगारून मोकळी, उघडी मांडणी पत्करलेली होती. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला व त्याच्या लेखकांमध्ये मांडे यांचे नाव दुसरे होते. शेंगदाण्यासारख्या रोजच्या जिनसेने पाठ्यपुस्तकाचा एक नियम मोडावा, ही गोष्ट मला फार आवडते.

हे स्फटिक तयार कसे होतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. शुद्ध केलेल्या प्रथिनाचा, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा थेंब काचेच्या गोल चकतीवर ठेवतात, त्यात तेवढेच क्षाराचे द्रावण मिसळतात, आणि चकती उलटी करून त्याच द्रावणाने भरलेल्या लहानशा खाचेवर पालथी घालून कडेने ग्रीस लावून बंद करतात. लोंबत्या थेंबातील पाणी हळूहळू वाफेच्या वाटेने खालच्या द्रावणाकडे जाते, थेंब घट्ट होत जातो, आणि दैव अनुकूल असेल तर काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक टोकदार, चमकता कण दिसतो. बहुधा दिसतो तो गढूळ साका. कधी सुरेख स्फटिक दिसतात आणि ते नुसत्या क्षाराचे निघतात. ही फसगत ओळखण्याची खूण अशी, की सुईने दाबल्यावर क्षाराचा स्फटिक कडक लागून मोडतो, तर निम्म्याच्या आसपास पाणीच असलेला प्रथिनाचा स्फटिक मऊपणे चुरतो. पण ही परीक्षा घेतली की तो स्फटिक गेलाच! द्रावणाची आम्लता, क्षाराचे प्रमाण, खोलीचे तापमान, प्रथिनाची शुद्धता यांची शेकडो मिश्रणे करून पाहावी लागतात, आणि अमुक प्रथिनाला अमुक मिश्रण मानवेल हे आगाऊ सांगणारा नियम अद्याप कोणी लिहिलेला नाही.

पीएच.डी.नंतर मांडे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनचे व पुढे अमेरिकेतील सिअ‍ॅटलचे प्राध्यापक विम होल यांच्याकडे गेले. होल यांच्या मनाने घेतले होते आफ्रिकेतील निद्रारोगाचे प्रकरण. ट्रिपॅनोसोमा हा परजीवी त्सेत्से माशीच्या दंशातून माणसाच्या रक्तात शिरतो. त्याचाच एक भाऊबंद आपल्याकडे गुरे, घोडे व उंट यांना ‘सर्रा’ हा रोग देतो, आणि परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील कोणाही विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो. रक्तात असताना हा परजीवी आपली सगळी ऊर्जा साखर फोडूनच मिळवितो. तेव्हा साखर फोडणाऱ्या त्याच्या एखाद्या विकरात खीळ घालता आली तर तो उपासमारीने मरेल, हा विचार सरळ आहे. पेच एवढाच, की तेच विकर आपल्याही शरीरात आहेत, आणि परजीवीला मारणारे औषध रोग्यालाही लागू पडले तर वैद्यकाची शोभा होईल. म्हणून दोघांच्या विकरांची रचना अणू-अणूने ताडून, फरक कोठे आहे तो हुडकणे प्राप्त झाले.

असा एक विकर म्हणजे ट्रायोजफॉस्फेट आयसोमरेज. साखरेचा सहा कार्बनांचा रेणू मधोमध तुटला की तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात आणि त्यांपैकी एकच पुढच्या पायरीला चालतो. दुसऱ्याचे रूप पालटून त्यालाही चालता करणे हे या विकराचे काम. ते तो इतक्या वेगाने करतो, की द्रवात तरंगणारा तुकडा येऊन भिडायला जो वेळ लागेल तेवढीच काय ती त्याची दिरंगाई. याहून अधिक वेगवान होण्याला निसर्गात वावच नाही, आणि म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याला परिपूर्ण विकर म्हणतात. त्याची घडणही देखणी आहे. बांबूच्या कामट्या उभ्या लावून विणलेली धान्याची कणगी डोळ्यापुढे आणा: प्रथिनाच्या साखळीचे आठ सरळ पट्टे तसे गोलाकार उभे आहेत, त्यांना बाहेरून आठ मळसूत्री वेटोळ्यांनी कवटाळले आहे, आणि प्रत्यक्ष कार्य घडते ते या कणगीच्या तोंडाशी. निसर्गाला हा घाट इतका मानवला, की एकमेकांशी वरकरणी काही संबंध नसलेल्या कितीतरी विकरांत तो पुनःपुन्हा आढळतो.

मानवी शरीरातील या विकराची रचना १९९४ साली मांडे यांनी होल व बेल्जियममधील सहकारी यांच्यासह २.८ अँगस्ट्रॉम एवढ्या सूक्ष्मतेपर्यंत उलगडली. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. या निबंधाचा हेतू परजीवीच्या विकराशी तुलना करणे एवढाच नव्हता. काही दुर्दैवी कुटुंबांत आईबापांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे मुलांमध्ये हा विकर अधू निपजतो. रक्तातील तांबड्या पेशी फुटत राहतात, स्नायूंची व मज्जासंस्थेची शक्ती ओसरत जाते, आणि त्यातली बरीच बालके लहानपणीच दगावतात. या रोगात बहुतेक वेळा आढळणारा दोष कोणता, तर सुमारे २५० अमिनो आम्लांच्या साखळीत १०४व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल येणे. या दोन आम्लांत अंतर आहे ते एका कार्बनचे आणि त्याला चिकटलेल्या दोन हायड्रोजनांचे. हे स्थान विकराच्या कार्यस्थळी नाही, तर विकराचे दोन जुळे घटक जेथे एकमेकांना टेकतात त्या सांध्याच्या आसपास आहे, हे रचना हाती आल्यावर स्पष्ट पाहता आले. हजारो अणूंच्या इमारतीतून नको त्या ठिकाणचे तीन अणू कमी झाले, आणि एक मूल गेले.

सिअ‍ॅटलच्या मुक्कामातच त्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूतील एका प्रथिनाची रचना उलगडली, व्ही. मेहरा, बॅरी ब्लूम आणि होल यांच्यासह लिहिलेला तो निबंध १९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यात वाढतच नाही, त्यामुळे त्याचे जनुक दुसऱ्या जंतूत घालून प्रथिन बनवून घ्यावे लागते. सात सारख्या घटकांचा घुमट असे या प्रथिनाचे रूप असून नव्या घडणाऱ्या प्रथिनांना नीट घडी पडावी म्हणून जी एक पोकळ कोठी पेशीत असते, तिचे ते झाकण आहे.

मायदेशी परतल्यावर चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत काही काळ आणि त्यानंतर हैदराबादच्या डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्रात सुमारे दहा वर्षे, असा मांडे यांच्या संशोधनाचा खरा ऐन काळ गेला. आमच्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद ठाऊक होते ते फर्मान, दप्तर आणि अपिलासाठी घालायच्या खेटा यांच्या संदर्भात. १९४८ साली निजामाचे राज्य गेल्यानंतर अर्ध्या शतकाने त्याच शहरात क्षयाच्या जंतूचे दप्तर उघडून एक नागपूरकडला शास्त्रज्ञ बसला होता, हा काळाचा पालट नमूद करण्याजोगा आहे. क्षयाच्या जंतूचा, सुमारे चार हजार जनुकांचा संपूर्ण आराखडा १९९८ साली प्रसिद्ध झाला होता. जगातील क्षयरोग्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. तेव्हा या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांची रूपे येथेच पाहिली जावीत, हे न्यायाचेच होते.

कुष्ठजंतूच्या ज्या झाकणाचा उल्लेख वर केला, ते ज्या कोठीवर बसते तिचे नाव ग्रो-ईएल. आतड्यातील कोलाय जंतूमध्ये ती कोठी १४ घटकांची, सात-सातांची दोन कडी एकावर एक रचलेली असते, हे १९९४ साली स्फटिकातून स्पष्ट दिसले होते, आणि सर्व जंतूंमध्ये ती तशीच असणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. क्षयाच्या जंतूत या कोठीची एक सोडून दोन जनुके आहेत. मांडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती प्रथिने बनवून तपासली तेव्हा कडी जमलेलीच नव्हती. घटक फार तर दोन-दोनाने वावरत होते. २००४ साली त्यांनी स्फटिकाची रचना प्रसिद्ध केली, तीतही जोडीच. आता कोठीच जर बनत नाही, तर प्रथिनांना घडी कोण घालतो? आणि परक्या जंतूत बनवून घेतल्यामुळेच तर हा विपर्यास झाला नाही ना? या शंका रास्त होत्या. त्यांची खातरजमा करण्यास आणखी पाच वर्षे गेली. २००९ साली त्याच चमूने दाखविले, की यांतील एका घटकावर फॉस्फेटाचा गट चढला की सुटे घटक एकत्र येऊन मोठी रचना होऊ शकते. म्हणजे जंतू आपली ही कोठी प्रसंग पाहून उभारीत असावा. गृहीत नियमाला स्फटिकाने दुसऱ्यांदा छेद दिला, आणि या वेळी खटला चालविणारे मुख्य वकील मांडे हेच होते. शेंगदाण्यावर शिकलेला धडा क्षयजंतूवर कामी आला, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

याच काळात थायोरिडॉक्सिन रिडक्टेज या विकराचीही रचना त्यांनी दिली. आपल्या शरीरातील रक्षक पेशी क्षयाच्या जंतूला गिळून त्यावर दाहक रसायनांचा मारा करतात, आणि त्यातून निभावण्याची तजवीज करणाऱ्या जंतूच्या यंत्रणेत या विकराचा वाटा असतो. मानवी विकराहून त्याची घडण निराळी आहे, म्हणून औषधशोधकांची नजर त्याच्यावर आहे. क्षयजंतूच्या प्रथिनांवरील कामासाठी मांडे यांना २००५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

पुढचा तपशील वर्तमानपत्रांतून आलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०११ पासून ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक होते, आणि २०१८ ते २०२२ या मुदतीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक, म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व नागपूरची ‘नीरी’ धरून देशभरातील सदतीसेक प्रयोगशाळांचे प्रमुख. करोनाची साथ याच मुदतीत आली. एवढा कारभार सांभाळणे सोपे नाही, हे मान्य. तरीही कोणी मला विचारले, तर ग्रो-ईएलचे ते दोन निबंध मी महासंचालकपदाच्या वर ठेवीन. पद भरले जाते, निबंध मात्र ज्याने लिहिला त्याचाच राहतो.

आता संगणकाने हे शास्त्र निकालात काढले, अशी आवई उठली आहे. डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांच्या ‘अल्फाफोल्ड’ या कार्यक्रमाने अमिनो आम्लांच्या नुसत्या क्रमावरून वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या संभाव्य आकृती काढून दाखविल्या आणि २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. कर्तृत्व असामान्यच. परंतु हा संगणक शिकला तो कोणत्या पुस्तकावर? १९७१ साली अवघ्या सात रचनांनिशी उघडलेल्या आणि पन्नास वर्षांत दीड लाखाच्या वर गेलेल्या प्रथिन-रचनांच्या जागतिक दप्तरावर. त्यातली बहुतांश नोंद लोंबत्या थेंबांपुढे बसलेल्या माणसांची आहे. शिवाय साखळीची घडी कशी पडेल हे सांगणे वेगळे, आणि जिवंत जंतूत ते घटक केव्हा सुटे राहतील व केव्हा जमतील हे सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नासाठी मेजावर हात ओले करावेच लागतात.

प्रथिनांच्या या शास्त्रात आपल्या परभणी जिल्ह्याचाही हिशेब आहे. हरभऱ्याच्या दाण्यात कीटकाच्या पाचक विकरांना अडविणारी प्रथिने असतात; पण घाटेअळीच्या पोटातले विकर त्या प्रथिनांनाच फोडून निकामी करू शकतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर प्रभृतींनी १९९८ साली दाखविले. तत्पूर्वी १९५५ साली मुंबईत कमला सोहोनी यांनी वाल व डबलबीमधून अशाच अवरोधक प्रथिनांचे स्फटिक मिळवून ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणजे ज्या अळीपायी गंगाखेड-पालमचा शेतकरी फवाऱ्याचा पंप पाठीला लावतो, तिच्याशी चाललेले युद्ध तळाशी दोन प्रथिनांच्या आकारांचेच आहे, आणि हे काम करणारी मराठी माणसे दोन पिढ्यांपासून आहेत.

प्रथिन-रचनांचे ते जागतिक दप्तर कोणालाही विनामूल्य खुले आहे. मांडे यांनी उलगडलेला मानवी ट्रायोजफॉस्फेट आयसोमरेज तेथे ‘वन-एच-टी-आय’ या चार अक्षरी खुणेने नोंदलेला असून साध्या मोबाइलवरही तो उघडतो व बोटाने फिरवून चहूबाजूंनी पाहता येतो. जिंतूर, सोनपेठ, पूर्णा येथील विज्ञान महाविद्यालयांतील अध्यापकांना एवढीच विनंती, की विकरांचा धडा फळ्यावर शिकवून झाला की एक तास त्यासाठी राखून ठेवावा, १०४ क्रमांकाची जागा मुलांना स्वतः शोधू द्यावी, आणि त्या वर्गात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही बोलावावे.